सुबक टंकलेखनाबद्दल

रोहिणीताईंचं नाव आधी लिहिते, काय घडलं ते मागून. ही सवय त्यांच्याच दुकानातली. आठ वर्षं मी सांगलीत लोकांचे प्रबंध टाइप केले. प्रत्येक प्रबंधाच्या सुरुवातीला ‘ऋणनिर्देश’ असायचा. विषय काय, निष्कर्ष काय, ते सगळं नंतर. आधी मदत कुणी केली ते. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील, सासरची मंडळी, आणि अगदी शेवटच्या ओळीत, सगळ्यांच्या मागं उभं राहिल्यासारखं, ‘सुबक टंकलेखनाबद्दल श्रीमती रोहिणी यांचे आभार.’ त्यापुढं ताईंचं आडनाव, आणि ते बऱ्याचदा चुकलेलं. ते पान टाइप करणाऱ्या आम्हीच, तरी ताई मला ते दुरुस्त करू द्यायच्या नाहीत.

“ऱ्हस्व-दीर्घ बघ. बाकी ज्यानं जे लिहिलंय तेच उमटलं पाहिजे. आपण टाइप करतो, लिहीत नाही.”

हे वाक्य पुढं माझ्या फार कामाला आलं. पण आधी निघाले तो दिवस सांगते.

कोरेगाव स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबते. आबांनी आम्हाला दीड तास आधी नेऊन बसवलं होतं. आबा म्हणजे माझे वडील. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, आणि त्यांच्या लेखी वेळेवर पोचणं म्हणजे उशीर. पुण्यापर्यंत ही गाडी, तिथून भुवनेश्वरची. तिथल्या एका विज्ञान विद्यापीठात मला प्रवेश मिळाला होता. इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ घडवणारं विद्यापीठ, आणि त्यात मी नववीनंतर शाळा सोडलेली, मराठी-इतिहास घेऊन बाहेरून बी.ए. झालेली. बाकावर आईनं आलेपाकाचा डबा मांडीवर घट्ट धरला होता, जणू तोच गाडीत चढणार होता.

“कागदं घेतली समदी?” आबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“घेतली, आबा.”

“दाव.”

मी पिशवी उघडली. मूळ कागद होते. झेरॉक्सचे तीन संच नव्हते. ते सांगलीला दुकानात, मशीनच्या उजव्या बाजूला, मीच रबर लावून ठेवले होते. आठ वर्षं झेरॉक्सच्या दुकानात काढलेली बाई झेरॉक्स विसरून निघाली होती.

आबांनी घड्याळ बघितलं. मी ताईंना फोन लावला, तर त्यांच्या फोनमधून गाडीचा खडखडाट ऐकू आला. “कराड गेलं,” त्या म्हणाल्या. “दाराशी उभी राहते. इंजिनापासून चौथा डबा.”

सांगलीहून निघालेली तीच गाडी. संच राहिलेले बघून ताई दुकानाला कुलूप लावून त्यात बसल्या होत्या. कोरेगावला उतरल्या, निळी फाइल माझ्या हातात दिली.

“आवं ताई, येवड्यापायी सांगलीवरनं आलासा?” आई म्हणाली. “तितं काय झेराक्स मिळत न्हाई व्हय?”

“मिळते हो. पण लोक कागद वाकडा ठेवतात.”

आणि मला पाठीत ढकलून गाडीत चढवलं. खिडकीशी येऊन एवढंच म्हणाल्या, “रडायचं असेल तर लोणंद गेल्यावर रड. तिथं डबा रिकामा होतो.” गाडी हलली तेव्हा ताई आणि आई शेजारी उभ्या होत्या, आणि आबा थोडे पुढं, ताठ. आईच्या हातात आलेपाकाचा डबा तसाच होता. गडबडीत तो मला द्यायचा राहिला.

लोणंदला डबा रिकामा झाला नाही. उलट भरला. मग रडायचं राहूनच गेलं.

शाळा का सोडली हे लोक अजून विचारतात, आणि उत्तर ऐकून थोडे नाराज होतात. घरात खायला कमी नव्हतं. आल्याचं रान होतं, थोडा ऊस होता, आबांची पेन्शन होती. कुणी माझं लग्न ठरवलं नव्हतं. मला गणिताची भीती वाटायची, एवढंच. नववीत कसंबसं वर ढकललं, आणि दहावीच्या वर्गात मी बसलेच नाही. सकाळी दप्तर घेऊन निघायची आणि वरच्या रानात विहिरीच्या मागं जाऊन गोष्टींची पुस्तकं वाचत बसायची. दोन महिन्यांनी शाळेतून चिठ्ठी आली. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा रकाना आहे. त्यात निळ्या शाईनं लिहिलंय, ‘सतत गैरहजर’.

आबा तेव्हा नुकतेच घरी आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, “आमच्यात ड्यूटीवर न जानाऱ्याला पळपुटा म्हनत्यात.” परत तो विषय काढला नाही. पण तो शब्द मी उशाशी घेऊनच वाढले.

दोन वर्षं घरी राहिले. मग मावशीकडं सांगलीला धाडलं, शिवणकाम शिकायला. मावशीच्या गल्लीच्या तोंडाशीच ताईंचं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं. एकदा रेशनकार्डाची कॉपी काढायला उभी होते. काउंटरवर लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलं होतं, ते वाचत होते.

“उभ्यानं काय वाचतेस?”

“न्हाई, ते... ‘आशीर्वाद’ चुकलंय.”

ताईंनी माझ्याकडं बघितलं, प्रूफ माझ्याकडं सरकवलं आणि लाल पेन दिलं. “अजून काढ बघू.” मी सहा चुका काढल्या. सातवी निघाली वराच्या आजोबांच्या नावात, ती मी काढली तर ताई म्हणाल्या, “ती चूक नाही. त्यांचं नाव तसंच आहे. माणसाला विचारल्याशिवाय माणूस दुरुस्त करायचा नाही.” दुसऱ्या दिवसापासून मी शिवणाच्या क्लासऐवजी त्यांच्याकडं बसायला लागले. मावशीला हे कळायला पंधरा दिवस लागले. गैरहजर राहण्याची सवय होतीच.

सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला. शाळेत न जाता बाहेरून दहावी देणाऱ्यांचा तो फॉर्म. गणिताचं नाव काढलं की मला दुसरंच काम आठवायचं. ताई रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना एक गणित सोडवायला लावायच्या, एकच. “रोज एका माणसाशी ओळख करून घेतेयस असं समज.” काठावर पास झाले. मग बारावी आर्ट्स, तीही बाहेरून, मग बी.ए. पण खरं सांगायचं तर माझं शिक्षण झालं ते टाइप करताना. इतिहासाचे, मराठीचे, समाजशास्त्राचे प्रबंध. तळटीप म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाही. हजारदा टाइप केल्यावर समजलं की तळटीप म्हणजे, हे मी म्हणत नाही, हे अमक्यानं म्हटलंय, आणि तो कुठं राहतो ते बघा.

एकदा स्टेपलरच्या पिना शोधताना खालच्या खणात हातानं लिहिलेले कागद सापडले. ‘कृष्णाकाठच्या शेतांची नावे’. ताईंचं अक्षर. एम.ए.च्या वेळचा त्यांचा स्वतःचा प्रबंध. गावोगाव फिरून त्यांनी शेतांची नावं गोळा केली होती. शेरी, चिंचेचं, भुताचं, सवतीचं, बामणाची पट्टी, न विकलेलं. प्रत्येक नावाखाली ते कुणी सांगितलं आणि का पडलं. तिसऱ्या प्रकरणाच्या मधल्या एका वाक्यात सगळं थांबलं होतं. काकांना, म्हणजे ताईंच्या यजमानांना, अर्धांगवायू झाला आणि दुकान चालवायला ताई बसल्या, ते तेव्हाच.

“ताई, हे मी टाइप करू?”

“पिना वरच्या खणात आहेत,” त्या म्हणाल्या. “ते ठेव. ते लिहून झालेलं नाही.”

आता विज्ञान विद्यापीठाचं सांगते, कारण गावाकडून मला पत्र लिहिणाऱ्या बऱ्याच मुली तेच विचारतात. आर्ट्सवाली असून तिथं कशी गेलीस?

अभिषेक नावाचा एक मुलगा दुकानात आला. लखनौचा, भुवनेश्वरच्या त्या विद्यापीठात संशोधन करणारा. मातीतला ओलावा मोजायचं एक यंत्र त्यांच्या लॅबनं केलं होतं, आणि त्यासाठी त्यानं कोरेगाव आणि फलटण तालुक्यांत शेतकऱ्यांकडून मराठीत फॉर्म भरून घेतले होते. मोठा गठ्ठा होता. आम्ही तो कॉम्प्युटरवर चढवायचा होता. ‘आज तुमच्या शेतातली माती कशी आहे?’ या प्रश्नाला दोन खुणा होत्या: ओली, कोरडी. ओलीला एक, कोरडीला दोन, उत्तर नसेल तर नऊ.

“और जहाँ ‘वापसा नहीं’ लिखा है,” त्यानं सांगितलं, “वहाँ भी नौ डाल देना.”

त्याचं म्हणणं असं, की दुसऱ्या फेरीचे फॉर्म काही लोकांनी परत दिले नव्हते. त्यामुळं गावातल्या कुणीतरी शेरा मारलाय, फॉर्म वापस नाही.

ज्यांनी शेत बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाणी दिल्यावर किंवा पाऊस पडून गेल्यावर माती आधी चिखल असते. मग हळूहळू निचरा होतो, आणि एक वेळ अशी येते की माती ओलीही नसते, कोरडीही नसते. कुळव चालतो, ढेकूळ फुटतं, मुळाला ओलही मिळते आणि हवाही. त्याला वापसा म्हणतात. वापसा नाही म्हणजे अजून रानात जायची वेळ आलेली नाही. माझ्या गावात हे दुसरीतल्या पोराला कळतं.

मलाही कळलं होतं. पहिल्याच फॉर्मवर कळलं होतं. आणि तरी मी दोन दिवस नऊ नऊ मारत राहिले. तो एवढा शिकलेला, विज्ञान विद्यापीठातला, आणि मी कोण? माझ्या मनात ‘सतत गैरहजर’ नेहमी तयार बसलेलं असतं. कुणी खात्रीनं बोललं की मी चूक आणि तो बरोबर, हे माझं आधी ठरतं, मग मी विचार करते.

तिसऱ्या दिवशी एक फॉर्म हातात आला. अक्षर ओळखीचं. सैन्यात शिकवतात तसं, प्रत्येक अक्षर सुटं, रांगेत उभं केल्यासारखं. दोन्ही चौकोन रिकामे ठेवून समासात लिहिलं होतं, ‘वापसा न्हाई. दोन दिसांनी या.’ खाली आबांची सही.

माझी बोटं सवयीनं नऊवर गेली आणि पडद्यावर नऊ उमटलासुद्धा. आबांना मी ‘उत्तर नाही’ करून टाकलं होतं. ते उत्तर तर होतंच, वर विचारणाऱ्याला परत कधी यायचं तेही सांगितलं होतं.

मी ताईंना सांगितलं. दोन दिवसांचंही सांगितलं. ताई त्यांच्या स्वभावाप्रमाणं रागावल्या नाहीत, हसल्या. “फॉर्म वापस आला नाही म्हणतो? मग हा तुझ्या हातात काय आहे?” मग गंभीर झाल्या. “फोन लाव त्याला.”

“तुम्ही लावा ना, ताई.”

“माझ्या बापानं नाही लिहिलेलं ते.”

मी फोन लावला. माझ्या मोडक्या हिंदीत वापसा समजावला. त्यानं वापसाचं स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. मग म्हणाला, “कितने फॉर्म में है?” मी म्हटलं, “आधे से थोडे कम.” दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला. आम्ही चौघं, म्हणजे तो, मी, ताई आणि मशीन, सगळा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून बसवला. दोन नवे आकडे केले. तीन म्हणजे वापसा आहे, चार म्हणजे वापसा नाही. त्यातून त्याला जे दिसलं ते त्याचं त्यानं लिहिलंय, त्यात माझा वाटा नाही. त्याच्या अहवालात शेवटच्या ओळीत मात्र माझे आभार आहेत. टंकलेखनाबद्दल.

जाताना तो म्हणाला, आमच्या विद्यापीठात मानव्यविद्यांचा छोटा विभाग आहे, दोन वर्षांचं एम.ए. आहे, तुम्ही अर्ज करा. मला वाटलं चांगुलपणानं म्हणतोय. महिनाभरानं त्यानं लिंक पाठवली.

अर्जात विचारलं होतं, विज्ञानाच्या या वातावरणात तुमची बलस्थानं काय, पाचशे शब्दांत लिहा. मी चार दिवस खपून लिहिलं. आंतरविद्याशाखीय दृष्टिकोन, संख्यात्मक विश्लेषणाची आवड, तंत्रज्ञानाभिमुख समाज. सगळे शब्द टाइप करून करून बोटांत बसलेले होते, ते आपोआप आले. प्रिंट काढून ताईंना दिलं. त्यांनी वाचलं, लाल पेनानं वर फक्त दोन शब्द लिहिले आणि प्रूफाच्या ट्रेमध्ये टाकलं. ‘ही कोण?’

मला राग आला. “ताई, ते सायन्सवाले आहेत. त्यांना असलंच लागतं.”

“असलं लिहिणारे त्यांच्याकडं ढीगभर आहेत गं. त्यांना अजून एक कशाला हवी? आणि संख्यात्मक विश्लेषणाची आवड तुला कधीपासून? काल बिलाची बेरीज माझ्याकडून करून घेतलीस.”

मग मी आबांच्या फॉर्मचं लिहिलं. नववीनंतर शाळा सोडली हे पहिल्या ओळीत लिहिलं, लपवलं नाही. गणितात काठावर आहे तेही. दोन दिवस नऊ मारले तेही. आणि लिहिलं, की मला एवढंच येतं: समोरच्यानं काय म्हटलंय ते तो म्हणाला तसं ऐकणं, आणि विचारलेल्या प्रश्नात त्याचं उत्तर मावत नसेल तर उत्तराला चूक न ठरवता प्रश्न पुन्हा बघणं. मराठी आणि इतिहास शिकून हे आलं की काउंटरवर बसून, सांगता येत नाही. ताईंनी इंग्रजी नीट केलं. माणूस दुरुस्त केला नाही.

घरी फोन करून सांगितलं तर आबा म्हणाले, “सायन्सवाल्यांच्यात आर्टवाल्याचं काय काम? तोफखान्यात ब्यांडवाला घेत्यात व्हय?”

मुलाखत ऑनलाइन झाली, दुकानातच, कारण तिथलं नेट बरं. ताईंनी शटर अर्धं ओढलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसल्या. पडद्यावर तिघं. एक बाई, आता त्या माझ्या मॅडम आहेत. एक कमी बोलणारे सर. आणि पांढऱ्या केसांचे मृदाशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांच्याकडं बघूनच मला गणिताचा पेपर आठवला.

त्यांनीच विचारलं, “तुझ्या आजूबाजूला सगळे इंजिनिअर असतील. ते त्यांच्या भाषेत बोलायला लागले की तू काय करशील?”

मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले. म्हटलं, “ऐकीन.”

नेमकं तेव्हाच बाहेरून आवाज आला, “ताई, आधार कार्डाच्या दोन काढा की वो!”

“बंद आहे.”

“आवं, मशीन तर चालू दिसतंय!”

“मशीन चालू आहे. मी बंद आहे.”

प्राध्यापकांनी विचारलं, काय चाललंय तिथं? मी सांगितलं, हे झेरॉक्सचं दुकान आहे, मी इथंच काम करते. ते पुढं झुकले. “वापसा आला हे तुझ्या वडिलांना कळतं कसं?”

हे मला येत होतं. म्हटलं, मूठभर माती घ्यायची, आवळून गोळा करायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. गोळा पडून चपटा झाला तर वापसा नाही. गोळाच झाला नाही तर वापसा निघून गेला. पडून फुटला तर आहे.

“म्हणजे ओलावा किती टक्के?”

“ते मला माहीत नाही, सर. आमच्या वरच्या मुरमाड रानात दुसऱ्या दिवशी वापसा येतो. खालच्या काळ्या रानात सहा-सहा दिवस येत नाही. टक्के तुमच्या यंत्राला कळतील. पण फॉर्मवर तिसरा चौकोन पाहिजे, हे यंत्राला कळलं नसतं.”

कमी बोलणाऱ्या सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मग तिघांनी आभार मानले आणि पडदा काळा झाला. माझी खात्री झाली की आपण उद्धट बोललो. ताईंनी शटर वर केलं, माझं तोंड बघितलं आणि आधार कार्डवाल्याला हाक मारली, “या हो. दोन ना?” आणि कागद माझ्या हातात दिला. मी सरळ लावला.

प्रतीक्षायादीत नाव आलं. तीन आठवडे मी मेल उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. मग एकानं जागा सोडली आणि मला मिळाली. आबांना फोन केला. त्यांनी आधी गाडी कधीची ते विचारलं. मग म्हणाले, “ब्यांड नसला तर परेड कशावर चालायची, हेबी खरंच हाय म्हना.” आणि फोन आईकडं दिला.

इथं आल्यावर पहिल्याच दिवशी कागद तपासणारा कारकून. निळी फाइल उघडली, सरळ झेरॉक्स बघून खूश झाला आणि नेमका त्या दाखल्यावर थांबला. मराठी त्याला येत नव्हतं. बोट ‘शाळा सोडण्याचे कारण’ वर ठेवून म्हणाला, “यहाँ क्या लिखा है?”

काहीही सांगता आलं असतं. पण ज्यानं जे लिहिलंय ते. म्हटलं, “लगातार गैरहाज़िर.”

त्यानं चष्म्यावरून बघितलं. “अब तो हाज़िर हो ना?” आणि शिक्का मारला.

आता दीड वर्ष झालं. मेसमध्ये भात आणि डाळ-भाज्यांचा दालमा, तो आता आवडतो. भाकरीची आठवण रविवारी येते, बाकी दिवशी असाइनमेंट असतात. सेमिनारमध्ये पहिली दहा मिनिटं मला काहीच समजत नाही, अजूनही. प्रत्येक मेल तीनदा वाचून पाठवते. लायब्ररीचं कार्ड दाखवताना अजून वाटतं, कुणीतरी म्हणेल, बाई, तुमचं इथं काय? कुणी म्हणत नाही. लॅबमधली मुलं प्रश्नावली करायला घेतली की आता माझ्याकडं पाठवतात. मी विचारते, हा प्रश्न कुणी कुणाला विचारणार आहे, आणि त्याला तिसरंच काही सांगायचं असलं तर तो कुठं लिहील? ती वैतागतात. पण समास मोठा ठेवतात.

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही इथल्या एका खेड्यात गेलो होतो. भाताचं रान, पाणी ओसरलेलं. बांधावर एक म्हातारी होती. सोबतच्या ओडिया मुलीला मी म्हटलं, हिला विचार, माती ओलीही नाही, कोरडीही नाही, नांगर चालेल अशी असते तेव्हा तुम्ही काय म्हणता? मुलीला प्रश्नच धड समजेना. मी खाली वाकले, मूठभर माती आवळली आणि कमरेवरून सोडली. गोळा फुटला. म्हातारी हसली आणि म्हणाली, “बतर.”

तोवर मला वाटत होतं की घर म्हणजे जिथं वापसा समजावून सांगावा लागत नाही ती जागा. ते अजून खरं आहे. आई फोनवर म्हणते, “खालच्या रानात अजून वापसा न्हाई बग,” आणि मला पायाखालची माती कळते. पण त्या दिवशी बांधावर, दुसऱ्याच्या मुलखात, माझ्या मुठीतल्या मातीला एका अनोळखी बाईनं नाव दिलं, आणि पहिल्यांदाच मला आपण कुठून पळून आलोय असं वाटलं नाही. आबांचा तो शब्द मी तिथंच बांधावर सोडला. त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या लक्षातही नसेल.

ताईंना मात्र ‘बतर’ सांगायला लगेच फोन केला. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग विचारलं, “आणि तिथं शेतांना नावं असतात का गं?”

इतक्या वर्षांत ताईंनी तो विषय आपणहून काढला तो एवढाच.

म्हणून इथं लिहून ठेवते, छापलं गेलं की त्यांना नाही म्हणता येणार नाही. ताई, माझा प्रबंध होईल तेव्हा त्याच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव पहिल्या ओळीत असेल. पण ती परतफेड नव्हे. एक दिवस मी सांगलीला येईन, खालचा खण उघडेन आणि ‘कृष्णाकाठच्या शेतांची नावे’ पहिल्या पानापासून टाइप करायला बसेन. तिसऱ्या प्रकरणातल्या त्या अर्ध्या वाक्याशी थांबेन आणि तुम्ही पुढचं सांगेपर्यंत हात कीबोर्डवर ठेवून बसून राहीन. सवतीचं, भुताचं, न विकलेलं, जसं आहे तसंच उमटवीन. ऋणनिर्देश तुमचा तुम्ही लिहा. मला फक्त शेवटची ओळ द्या. त्यात माझं आडनाव चुकलं, तरी मी दुरुस्त करणार नाही.